जुन्या वास्तूला नवे काम द्या

(मुलचेरा येथे उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध, क्रांतिबा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीमाई, छत्रपती शाहू महाराज आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस त्रिवार वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

विषयाचे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. धम्माच्या मंचावर पंचशील, अष्टांगिक मार्ग, शिक्षण, संघटन यावर बोलावे. जुन्या पडक्या इमारतींवर काय बोलायचे? पण मित्रहो, ज्या समाजाला हजारो वर्षे इतिहासच नाही असे सांगितले गेले, त्या समाजाने आपल्या इतिहासाच्या चार भिंती तरी सांभाळायला नकोत काय? पुस्तक जाळता येते, शिलालेख फोडता येतो, आणि इमारत तर नुसती दुर्लक्ष करूनही पाडता येते. तिला कोणी हात लावण्याचीही गरज नसते. म्हणून इमारती वाचवायच्या कशा, हा प्रश्न आपल्या अस्मितेचा आहे आणि तितकाच व्यवहाराचाही आहे. आज मी व्यवहारावर अधिक बोलणार आहे.

वास्तू मरते कशाने?

आपण जंगलात राहणारी माणसे. घर कसे मरते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या घरात चूल पेटते, ज्याचे अंगण रोज झाडले जाते, ते मातीचे घर दोन-दोन, तीन-तीन पिढ्या उभे राहते. तेच घर कुलूप लावून तीन पावसाळे सोडून द्या. पहिल्या वर्षी माकडे कवेलू फोडतात आणि ते बदलायला कोणी नसते. दुसऱ्या वर्षी त्याच भोकातून पाणी मयालीवर पडते, मयालीचे टोक भिंतीत जिथे टेकले आहे तिथे ओल धरते, वाळवी चढते. तिसऱ्या वर्षी भिंतीचा वरचा थर खचतो. आणि मग गावात एकच वाक्य ऐकू येते, "आता हे काय कामाचे? पाडून टाका." अल्लापल्लीच्या जंगलातले अस्सल सागवान त्या घरात असते, ते आणखी शंभर वर्षे टिकले असते. पण लाकूड कुजण्याआधी त्या घरातला माणसांचा राबता संपलेला असतो.

म्हणजे वास्तू वयाने मरत नाही, वास्तू बेकारीने मरते. हे एकदा समजून घेतले की उपाय आपोआप सापडतो. वास्तू वाचवायची असेल तर तिला काम द्या. जुने काम संपले असेल तर नवे द्या. नुसती फुले वाहून, जयंतीला रंग मारून वास्तू वाचत नाही. रोज सकाळी तिचे दार उघडणारा माणूस हवा आणि दार उघडण्याचे कारणही हवे.

आनंदांची चीवरे

हा विचार मी पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला नाही. तो आपल्या विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी भदंत आनंदांना पाचशे उत्तरीये दान दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार तरी काय? कापडाचा व्यापार करणार की दुकान घालणार? त्याने आनंदांना जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटीन. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. जुन्या पलंगपोसांचे काय? गादीच्या खोळी होतील. जुन्या खोळींची जमिनीवर अंथरायची बिछायत होईल, जुन्या बिछायतीची पायपुसणी होतील, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी होतील. आणि फडकीही फाटली तर? ती कुटून चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

बघा, शेवटी ते चीवर विहाराच्या जमिनीतच मुरले. कोणतीही वस्तू तिचे पहिले काम संपले म्हणून निरुपयोगी होत नाही, हा या कथेचा अर्थ आहे. आणि संघाचे पहिले वास्तव्यस्थान कोणते? राजगृहाचे वेळुवन. ते बिंबिसार राजाचे विहाराचे, करमणुकीचे उद्यान होते. राजाच्या मौजेची जागा ज्ञानाची जागा झाली. झाडे तीच, माती तीच. उपयोग बदलला आणि ते स्थान अडीच हजार वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. त्याच काळातील राजांचे किती महाल आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत?

बाबासाहेबांच्या आयुष्यातील वास्तू

बाबासाहेबांच्या चरित्राकडे या नजरेने पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. ही शाळा, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, तेव्हा साताऱ्याच्या राजवाड्यात भरत असे. राजाचा वाडा शाळा झाला नसता, तर महाराच्या मुलाला त्या वाड्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता आले असते काय? शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्या बालकाची स्वाक्षरी आहे. महाराष्ट्र शासन २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. राजवाड्याला शाळेचे काम मिळाले आणि त्या कामाने त्या वाड्याला असा सन्मान दिला की जो कोणत्याही राज्याभिषेकाने मिळाला नसता.

पुढे १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. कुठे? नव्या कोऱ्या इमारतीत नव्हे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि मरीन लाइन्सला लष्कराच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. त्या बराकींत वर्ग भरले. सैनिकांच्या खाटा जिथे होत्या तिथे गिरणी कामगारांची, खेड्यातून आलेल्यांची मुले बाके टाकून बसली. नंतर फोर्ट भागात उभ्या असलेल्या इमारती घेऊन त्यांची बुद्ध भवन आणि आनंद भवन झाली. बाबासाहेबांनी कधी असे म्हटले नाही की आधी भव्य इमारत बांधू, मग शिकवू. मिळेल ती वास्तू घेतली, कामाला लावली, आणि तिला नाव मात्र आपले दिले. नाव देण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुढे तिच्याकडे येणार आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह तर सर्वांना माहीत आहे. घर बांधले ते ग्रंथांसाठी, आणि नाव दिले मगधाच्या राजधानीचे. आज त्याच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे आणि वर कुटुंबाचे वास्तव्य आहे. म्हणजे तेथे स्मारकही आहे आणि घरातला राबताही आहे. स्मारक म्हणजे कुलूपबंद खोली, ही कल्पना राजगृह खोटी ठरवते.

आपण काय गमावले

आता थोडे कडू बोलतो. दादरच्या आंबेडकर भवनाच्या आवारात बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होती. 'जनता' आणि पुढे १९५६ साली त्याचेच नाव बदलून झालेले 'प्रबुद्ध भारत', ही पत्रे जिथे छापली गेली त्या छापखान्याचा वारसा तिथे होता. २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, ती वास्तू बुलडोझरने पाडण्यात आली. इमारत धोकादायक झाली आहे आणि तेथे बहुमजली भवन उभारायचे आहे, असे कारण सांगितले गेले. समाज पेटून उठला, १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. तो निघायलाच हवा होता. परंतु मी आपणा सर्वांना, आणि त्यात मीही आलोच, एक प्रश्न विचारतो. त्या पहाटेआधीच्या कित्येक वर्षांत त्या छापखान्याचे काय काम चालू होते? तिथे रोज किती तरुण जात होते? तिथे मुद्रणाचे वर्ग चालले असते, जुनी यंत्रे दाखवणारे दालन असते, एखादे मासिक निघत असते, रोज दोन-चारशे माणसांची ये-जा असती, तर बुलडोझर आणण्याची हिंमत झाली असती काय? रिकामी वास्तू ही पाडणाऱ्याला दिलेले आमंत्रणच असते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भिडे वाड्याचे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीमाईंनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो वाडा. पुढे तिथे दुकाने आली, भाडेकरू आले, वाडा खिळखिळा झाला. स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे चालली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जागा ताब्यात आली तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये जुना वाडा उतरवावा लागला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे ठरले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सावित्रीमाईंचे पाऊल ज्या पायरीवर पडले ती पायरी काही नव्या स्मारकात सापडणार नाही. जागा वाचली, वास्तू गेली. वीस-तीस वर्षे आधी निकाल लागला असता आणि तोपर्यंत वाड्यात एक वर्ग जरी मुलींची शाळा भरत राहिली असती, तर दोन्ही वाचले असते.

लंडनचे घर

आता एक वाचलेली वास्तू सांगतो, कारण तिच्यात कायद्याचा धडा आहे. लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथे राहिले. ते घर विक्रीला निघाले तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. आपल्याला वाटले, झाले काम.

पण झाले नव्हते. तिकडच्या कायद्याने राहते घर हे राहते घरच असते. त्याचे संग्रहालय करायचे तर 'वापर बदलाची' परवानगी लागते. ती घेतलेली नव्हती. शेजाऱ्यांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. कॅम्डेन नगरपरिषदेने २०१८ मध्ये अर्ज नाकारला. तिचे म्हणणे असे की परिसरातील एक राहते घर कमी होते. अपील झाले, २०१९ मध्ये सुनावणी झाली, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. बाबासाहेबांच्या स्मृतीचे सार्वजनिक मोल हे एका घराच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे, हे तिथे मान्य झाले.

यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. वास्तू विकत घेणे म्हणजे वास्तू वाचवणे नव्हे. नव्या उपयोगाला कायद्याची मान्यता लागते. आणि शेजाऱ्याला विचारात घ्यावे लागते. आपल्या गावातही जुन्या घराची अभ्यासिका करताना शेजारच्या अंगणात सायकली उभ्या राहणार असतील, तर आधी त्याच्या ओट्यावर बसून चहा घ्या, बोला. आपला संघर्ष अन्यायाशी आहे, शेजाऱ्याशी नाही.

चांद्याचा किल्ला आणि नावाचा प्रश्न

आता घरची गोष्ट. चंद्रपूरला आपण नेहमी जातो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्याला लाखोंना धम्मदीक्षा दिली. तेव्हा आपल्या भागातली माणसे बैलगाड्यांनी आणि पायी तिथे गेली होती. त्याच चांद्यात गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर ही त्याची द्वारे. किल्ल्यातील राजवाड्याच्या जागी ब्रिटिशांनी कारागृह केले. १८५८ साली वीर बाबुराव शेडमाके यांना तिथेच फाशी झाली. ते मोलमपल्लीचे, म्हणजे आपल्याच परिसरातले.

इथे विचार करा. तुरुंग झाल्यामुळे ती जागा वापरात राहिली, तिची देखभाल होत राहिली, हे खरे. पण गोंड राजांचा वाडा म्हणून तिची ओळख राहिली काय? सामान्य माणसाला ती जागा 'जेल' म्हणूनच ठाऊक आहे. म्हणजे नवे काम दिले की वास्तू वाचते हे अर्धे सत्य आहे. कोणते काम दिले यावर ती कोणाची म्हणून वाचते हे ठरते.

आपल्या लेण्यांचे हेच झाले. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीत बौद्ध विहाराच्या लेणीत आज गिरिजात्मज गणपती आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहापुढे एकवीरा आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. मी कोणाच्या श्रद्धेला दुखावण्यासाठी हे सांगत नाही. लोकांचा राबता राहिला म्हणून काही लेणी टिकली, हेही मी मान्य करतो. पण मूळ मालकाचे नाव पुसले गेले. उलट भद्रावतीच्या विजासन लेण्या पाहा. एक लांब बोगद्यासारखी वाट आत जाते, दोन्ही बाजूंना तशाच वाटा फुटतात आणि प्रत्येकीच्या शेवटी भगवान बुद्धांची भव्य बैठी मूर्ती आहे. आज आपले उपासक तिथे वंदनेला जातात, म्हणून लेणी बुद्धाची म्हणूनच ओळखली जाते. म्हणून मी म्हणतो, नवे काम द्या, पण दारावर जुने नाव लिहा. कोणी बांधले, कधी बांधले, इथे काय घडले, हे चार ओळींत दगडावर कोरा. बाबासाहेबांनी सिद्धार्थ, बुद्ध भवन, आनंद भवन ही नावे उगाच दिली नव्हती.

आणि माणसे जमली तर काय होते हेही चांद्यानेच दाखवले. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोटाच्या बुरुजांवरची झाडेझुडपे आणि कचरा रोज सकाळी श्रमदानाने काढायला सुरुवात केली. एक-दोन दिवस फोटो काढून थांबले नाहीत, शेकडो दिवस चालू ठेवले. मग त्याच तटावरून लोकांना फिरवून इतिहास सांगायला सुरुवात झाली. कचऱ्याचा ढीग होता तिथे पाऊलवाट झाली. फावडे, टोपले आणि सातत्य एवढ्यावर हे सुरू झाले.

जगातही असेच चालते. पॅरिसचे ओर्से रेल्वे स्टेशन पाडायचे घाटत होते, १९८६ मध्ये त्याचे कलासंग्रहालय झाले. लंडनचे बंद पडलेले बँकसाइड वीजघर २००० साली कलादालन झाले. मुंबईचे १९११ चे कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले. श्रीमंत देशांना नवीन बांधणे परवडत नाही म्हणून त्यांनी हे केले असे नाही. जुने मोडून मिळवण्यापेक्षा जपून जास्त मिळते, हे त्यांना कळले.

मातीच्या घराचा प्रश्न

आता एक आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही, कारण तो आपल्याच माणसांचा आहे आणि खरा आहे. लोक म्हणतात, "साहेब, पाटलाचा वाडा, राजाचा महाल जपा म्हणणे सोपे आहे. आमच्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर कुडाच्या झोपडीत, मातीच्या घरात दिवस काढले. पक्के घर बांधण्याची ऐपतही नव्हती आणि अनेक गावांत मुभाही नव्हती. आज आम्हाला स्लॅबचे विहार मिळते आहे तर तुम्ही म्हणता जुने मातीचे जपा. म्हणजे आमची गरिबी जपायची काय?"

बंधूंनो, नाही. गरिबी जपायची नाही. राहत्या घरात ज्याला पक्के छप्पर हवे त्याने ते बांधलेच पाहिजे. गळक्या घरात लेकरांना झोपवून वारसा जपण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. जे खरोखर कोसळायला आले आहे, ज्याने माणसाचा जीव जाईल, ते उतरवलेच पाहिजे.

पण एक फरक करा. १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीने, ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी, दिवसा मजुरी करून रात्री माती तुडवून, जंगलातून बल्ल्या आणून, एक खोली बांधली. तिच्यात बुद्धाची तसबीर ठेवली. त्या खोलीत पहिल्यांदा बुद्धवंदना म्हटली गेली, कंदिलाच्या उजेडात पहिले पोरगे बाराखडी शिकले. ती खोली गरिबीची खूण नाही. ती गरिबीवर मात केल्याची खूण आहे. राजवाडा कर वसूल करून बांधला जातो. ही खोली स्वेच्छेने, स्वतःच्या घामाने बांधलेली आहे. दोन्हींत अधिक ऐतिहासिक कोणती, ते तुम्हीच सांगा. आपल्या तालुक्यात आपल्यासोबत गोंड, माडिया बांधव आहेत, फाळणीनंतर घरदार सोडून आलेले आणि इथे वसलेले बंगाली बांधव आहेत. त्यांच्याही वस्त्यांत अशी पहिली खोली, पहिली शाळा, पहिली विहीर आहे. विस्थापिताने बांधलेल्या पहिल्या खोलीचे मोल त्यालाच विचारा.

आणि नवे विहार बांधायला जुन्याच्या जागेवरच कुदळ मारली पाहिजे असे कुठे आहे? नवे शेजारी बांधा. जुन्यात अभ्यासिका करा.

करायचे काय?

म्हणून आता सरळ कामाचे बोलतो. ज्या गावात अशी जुनी वास्तू आहे, मग ती जुने विहार असो, समाजमंदिर असो, बंद पडलेली शाळाखोली असो, तिथे पाडण्याचा ठराव करण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली, कागद. जागा कोणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पाहा. वास्तू नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ती विकण्यास, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देण्यास, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जिल्हा परिषदेची शाळाखोली असेल तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव निघाला आहे काय ते विचारा. एकदा निर्लेखन मंजूर झाले की खोली मोडून साहित्याचा लिलाव होतो. मग निवेदने देऊन उपयोग नाही. वास्तू पुरातत्त्व खात्याची असेल, जसे शेजारच्या चामोर्शी तालुक्यात मार्कंडा देवस्थान आहे, तर २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, पुढील दोनशे मीटरवर परवानगी लागते. अनुसूचित क्षेत्रातील गावात ग्रामसभेला विश्वासात घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

दुसरी, छप्पर. पैसे थोडे असतील तर सगळे आधी छपरावर खर्च करा. रंग नंतर, फरशी नंतर, गेट तर सर्वात शेवटी. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, घर शाकारून घ्या. फुटके कवेलू बदला. छपराचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी न पडता दूर वाहून जाईल अशी नाली काढा. मयाली आणि खांबांची जमिनीतली व भिंतीतली टोके तपासा, वाळवी तिथूनच चढते. कुजलेले तेवढे टोक कापून नवा तुकडा जोडणारे सुतार आपल्याकडे आहेत. सगळी मयाल बदलण्याची गरज नसते. आणि कृपा करून मातीच्या भिंतीला सिमेंटची छपाई करू नका. ती वरून मजबूत दिसते, पण आतली ओल बाहेर पडू देत नाही. भिंत आतून भुसभुशीत होते आणि एक दिवस सिमेंटसकट ढासळते. मातीला मातीचे आणि चुन्याचेच लिंपण चालते. हे आपल्या आया-बहिणींना कोणत्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळते. लिंपण-पोतारण्याच्या कामात त्यांना विचारा, आणि कामाची मजुरी द्या, ते फुकटचे काम समजू नका.

तिसरी, उपयोग. उपयोग वास्तूला मानवणारा हवा. जाड भिंती आणि लहान खिडक्यांची खोली उन्हाळ्यात थंड असते, ती अभ्यासिकेला, वाचनालयाला, बालवर्गाला, शिवणवर्गाला उत्तम. तिच्यात लग्नाचा हॉल करायला जाल तर भिंती फोडाव्या लागतील. मग वास्तू वाचवली असे म्हणता येणार नाही. वास्तूला न मोडता जे बसते तेच काम द्या, आणि उद्या गरज पडली तर काढून घेता येईल असेच फेरफार करा. लाकडी फळ्या लावा, पार्टिशन लावा. भिंत पाडू नका.

चौथी, माणूस आणि खर्च. किल्ली कोणाकडे, दार किती वाजता उघडणार, वीजबिल कोण भरणार, हे ठरवल्याशिवाय उद्घाटन करू नका. आपल्याकडे उद्घाटने पुष्कळ होतात, बिल भरण्याची वेळ आली की समिती दिसत नाही. प्रत्येक घरामागे दरमहा थोडी वर्गणी, अभ्यासिकेत बसणाऱ्यांकडून नाममात्र शुल्क, आणि जे नोकरीला लागले त्यांच्याकडून पहिल्या पगाराचे दान, एवढ्यावर एका खोलीचे छप्पर दरवर्षी शाकारता येते.

पाचवी, नोंद. गावातील म्हाताऱ्या माणसांना त्या वास्तूत बसवा आणि विचारा. बल्ल्या कुठून आणल्या, माती कोणी तुडवली, पहिली वंदना कोणी म्हटली. ते लिहून घ्या. १९५६ साली जे पंधरा-वीस वर्षांचे होते ते आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्या पाठोपाठ या वास्तूंची कहाणीही जाईल. भिंत पडली तर पुन्हा उभारता येते, साक्षीदार गेला तर परत आणता येत नाही.

शेवटची विनंती

मित्रहो, अनिच्चता हा आपल्या धम्माचा पाया आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत, मग इमारत का जपायची, असे कोणी विचारेल. मी म्हणेन, अनित्य आहे म्हणूनच जपायची. जे कायम टिकणारच आहे त्याची काळजी घ्यावी लागत नाही. आनंदांनी चीवर कायम टिकेल असे म्हटले नव्हते. ते शेवटच्या धाग्यापर्यंत कुणाच्या तरी कामी येईल, एवढेच म्हटले होते. आपणही आपल्या वास्तूंविषयी एवढेच म्हणावे.

परत जाताना आपण प्रत्येकाने आपल्या गावातील एका जुन्या, कुलूपबंद वास्तूसमोर उभे राहावे. तिच्यावर किती कवेलू फुटले आहेत ते मोजावेत. हा पावसाळा तिला काढू द्यायचा की नाही, एवढा एकच ठराव पुढच्या बैठकीत घ्यावा. पाडण्याचा ठराव कधीही करता येतो. पाडल्यावर मात्र तो मागे घेता येत नाही.



जय भीम! नमो बुद्धाय!